फोर बाय फोर अडकतंय: गिअरबॉक्स उघडावा की आधी टायर मोजावेत?

द्राक्षबागेतल्या २० ते २८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरवर काही हंगाम गेले की फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देणारी, लिव्हर त्रास देऊ लागते. कधी ती बसत नाही, कधी बसलेली सुटत नाही, तर कधी चिखलात जोर आला की आपोआप उडते. अशा वेळी मालकापुढे दोन वाटा असतात. गॅरेजला नेऊन फोर बाय फोरचा डबा उघडायचा आणि आतला कपलर (पुढच्या चाकांचा शाफ्ट जोडणारी दातेरी कडी) आणि तो सरकवणारा फोर्क बदलून घ्यायचा, ही एक. लिव्हरला डब्याशी जोडणारी बाहेरची सळी, पिना आणि चारही टायर नीट तपासून त्यांचाच बंदोबस्त करायचा, ही दुसरी. दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि दोन्हींनी ट्रॅक्टर सुधारलेले पाहिलेत. तरी माझा कल दुसरीकडे आहे.

त्याचं कारण एकच कटकट आहे. बागेतून भरलेला ट्रेलर घेऊन डांबरी रस्त्यावर चढलं की लिव्हर काढायला जावं आणि ती दगडासारखी बसलेली असावी. मग दोन-तीन फूट रिव्हर्स घ्यायचा, तेव्हा कुठे ती सुटते. मागे ट्रेलर आणि वर रहदारी असताना हा रिव्हर्स घेणं किती जिकिरीचं असतं ते रोज करणाऱ्यालाच कळतं. डबा उघडून नवा फोर्क आणि नवा कपलर टाकल्यावर लिव्हर काही दिवस लोण्यासारखी चालते, आणि पुन्हा त्याच चढावर तशीच अडकते. मूळ दुखणं डब्यात नसतंच, म्हणून असं होतं.

फोर बाय फोर लागलेलं असताना पुढची आणि मागची चाकं गिअरने एकमेकांना बांधलेली असतात. पुढच्या चाकांचा वेग मुद्दाम थोडा जास्त ठेवलेला असतो, साधारण १ ते ५ टक्के. म्हणजे पुढची चाकं ओढतात, मागून ढकलली जात नाहीत. मऊ मातीत हा फरक घसरण्यात निघून जातो. डांबरावर किंवा कडक बांधावर घसरायला जागा नसते, त्यामुळे तो पीळ बनून शाफ्टमध्ये साठतो. पिळाने कपलरचे दात एकमेकांवर इतके दाबले जातात की फोर्कला तो सरकवताच येत नाही. रिव्हर्स घेतला की पीळ उलगडतो आणि लिव्हर हलते. वळताना पुढची चाकं मोठ्या घेराने जातात, म्हणून टायर नवेकोरे असले तरी कडक जमिनीवरच्या वळणात थोडा पीळ येणारच. तो दोष नव्हे. सरळ रेषेत, पाच-दहा पावलं चाललं तरी लिव्हर जाम होत असेल तर मात्र टायरचं गणित बिघडलंय असं धरायला हरकत नाही.

हे गणित बिघडतं ते पुढच्या टायरमुळे. पुढच्या चाकाची त्रिज्या ३०० मिमी धरली आणि नक्षी १५ मिमी झिजली, तर घेर ५ टक्क्यांनी घटतो. मागच्या ४५० मिमीच्या चाकावर तेवढीच झीज झाली तर फरक ३ टक्क्यांच्या आसपास येतो. फोर बाय फोर लावूनच रस्त्याने जायची सवय असेल तर पुढचे टायर आधी खाल्ले जातात. मग फक्त पुढची जोडी बदलली जाते, तीही दुकानात मिळेल त्या कंपनीची. बाजूवर छापलेला साइज तोच असला तरी दोन कंपन्यांच्या टायरचा घेर सारखा असेलच असं नाही.

हे पाहायला कॉम्प्युटर लागत नाही, खडू पुरतो. पुढच्या आणि मागच्या एकेका टायरवर खूण करा. नेहमीचा फवारणीचा ब्लोअर किंवा वजन जोडलेलं ठेवा, हवा मॅन्युअलप्रमाणे भरा. कडक पण मातीच्या सपाट जमिनीवर, फोर बाय फोर काढून, सरळ चाला. मागचं चाक १० फेरे घेईपर्यंत पुढच्याचे फेरे मोजा. अपुरा फेरा टायरच्या पट्ट्या मोजून धरा. मग फोर बाय फोर लावून तेच पुन्हा करा. समजा पहिल्यांदा १४.४ फेरे आले आणि दुसऱ्यांदा १४.८. फरक ०.४, भागिले १४.४, म्हणजे सुमारे २.८ टक्के. हे टायर ठीक आहेत. पहिला आकडाच १५ आला असेल तर पुढचे टायर लहान पडलेत आणि पुढची चाकं ओढण्याऐवजी ब्रेकसारखी मागे खेचतायत. दुसरा आकडा गिअरचा आहे. टायर कितीही झिजले तरी तो हलत नाही. तो एकदा वहीत टिपून ठेवला की पुढे दरवर्षी फक्त पहिला मोजायचा.

फरक थोडाच असेल तर हवेनेही सावरतो. पुढचा वेग कमी पडत असेल तर पुढे हवा मॅन्युअलच्या वरच्या मर्यादेकडे न्या आणि मागे खालच्या मर्यादेकडे. जास्त असेल तर याच्या उलट. दोन्ही बाजूंना हवा सारखी हवी, एका बाजूला कमी ठेवली तर हिशोब पुन्हा चुकतो.

टायरइतकंच महत्त्व बाहेरच्या जोडणीला आहे, आणि द्राक्षाच्या भागात जरा जास्तच. मोरचूद, गंधक आणि खतांचं पाणी सळीच्या पिनांवर आणि आर्मच्या (सळी जिला जोडते त्या डब्याबाहेरच्या दांडीच्या) शाफ्टवर बसतं. शाफ्ट डब्यातून बाहेर येतो तिथेच गंज धरतो. तपासायचं असं: इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. सळीची पिन काढून सळी आर्मपासून सोडवा आणि आर्म हाताने किंवा पान्याने दोन्हीकडे हलवा. टक् असा आवाज करून तो दोन्ही जागी बसत असेल तर डबा बहुधा निर्दोष आहे आणि दोष सळीत, पिनेत किंवा लिव्हरच्या बुशमध्ये आहे. आर्म नेहमीच जड असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी थोडा थोडा पुढेमागे हलवा, मोकळा झाला की ग्रीस लावा. फक्त रस्त्यावरून आल्यावर जड आणि रिव्हर्सनंतर हलका, असं असेल तर ते पिळाचं काम आहे.

सळीची लांबी बसवणं हे सगळ्यात दुर्लक्षित काम. आर्म फोर बाय फोरच्या जागी पूर्ण बसवा, लिव्हरही तिच्या खाचेत ठेवा, आणि पिन ओढताण न करता आत जाईपर्यंत सळीचं टोक एकेक आटा फिरवत राहा. मग लॉकनट कसा. सळी आखूड राहिली तर कपलर अर्धाच बसतो, जोर आला की उडतो आणि दातांच्या कडा गोल होतात. डब्यातलं बरंचसं नुकसान याच क्रमाने घडतं, असं मला वाटतं: टायर झिजतात, लिव्हर अडकते, कोणीतरी पायाने लाथ मारून ती काढतो, सळी वाकते, कपलर अर्धा बसू लागतो आणि शेवटी दात जातात. शेवटची कडी तेवढी बदलली तर पहिली पुन्हा कामाला लागते.

डबा उघडायची वाट वाईट आहे असं मुळीच नाही. काही लक्षणांत तीच योग्य. सळी बरोबर, आर्म पूर्ण बसतोय, तरी जोर आला की उडतं, म्हणजे दात गोल झालेत किंवा कपलर जागेवर धरून ठेवणाऱ्या आतल्या गोळीची स्प्रिंग मेलीय. तेलात धातूचा चुरा दिसला तरी थांबू नये. लिव्हर बसते पण पुढची चाकं ओढत नाहीत, तेव्हा आधी पुढच्या शाफ्टचं कव्हर सरकवून कपलिंगची रोल पिन आणि सर्कलिप पाहा. ती तुटलेली निघाली तर काम पाच मिनिटांचं. ती शाबूत असेल तर पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून खाली घोडे (लोखंडी टेकू) लावा, मागची चाकं जमिनीवरच, इंजिन बंद, गिअर टाकलेला, फोर बाय फोर लावलेलं. दोघांनी दोन्ही पुढची चाकं एकाच दिशेला फिरवायची. ती अडली पाहिजेत. शाफ्टसकट मोकळी फिरली तर कपलर आत लागतच नाही, आणि डबा उघडावा लागेल. शाफ्ट स्थिर राहून चाकं फिरली तर दोष पुढच्या अॅक्सलमध्ये. हे करताना इंजिन चालू करू नये, मागची चाकं जमिनीवर असल्याने ट्रॅक्टर घोड्यांवरून उडी घेतो. कोकणात चिखलणीला जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या अॅक्सलचं तेलही याच वेळी पाहावं. ते दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय.

डब्याच्या वाटेला माझ्या लेखी आणखी एक तोटा आहे. बहुतेक मिनी ट्रॅक्टरमध्ये गिअर, मागचा डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच असतं. डबा उघडायला अनेकदा ते सगळं काढावं लागतं, गास्केट आणि सील नवे लागतात, आणि सुटा भाग यायला वेळ लागला तर ट्रॅक्टर तसाच उभा. गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला आणि डाउनी (केवडा) रोगासाठी फवारणीवर फवारणी चालू असली तर हा खोळंबा परवडत नाही. उघडायचंच असेल तर माल उतरल्यावर, खरड छाटणीच्या आधी किंवा लगेच नंतर उघडावं. त्या वेळी फोर्क, कपलर, गोळीची स्प्रिंग, आर्मचं ऑइल सील आणि ओ-रिंग एकदमच बदलून घ्या. यातला कपलर एकटा नवा आणि समोरचा गिअर गोल दातांचा असेल तर तो पुन्हा उडेल. ट्रॅक्टर गॅरेजमधून नेण्याआधी तिथेच खडूने पुन्हा फेरे मोजावेत, आणि पुढचे टायर लहान निघाले तर त्यांची जोडी घेरावर टेप लावून, जुन्या टायरशी नव्हे तर वहीतल्या गिअरच्या आकड्याशी जुळवून निवडावी.