12 फुटी अ‍ॅल्युमिनियमची शिडी : घेताना आधी बूट बघा

पावसाआधी कौलं परतायची, टाकी धुवायची, म्हणून मार्चात ही शिडी घेतली. 4,600 रुपये, वजन 9 किलो. जुनी बांबूची उचलायला दोन माणसं लागत. ही मी एकसष्टाव्या वर्षी एकटी खांद्यावरून नेते. पायऱ्यांना खाचा आहेत, पाय छान रोवतो.

दुकानदार दोनदा म्हणाले, "मॅडम, दीडशे किलो पेलते." पेलत असेलही. पण शिडी मोडून पडलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. पाय सरकून पडलेली बरीच. बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे घरी आल्यावर आधी शिडीच्या पायाचा एक रबरी बूट सोडवला, वर 5 किलोचं वजन ठेवलं आणि ताणकाट्याने ओढला. कोरड्या कोब्यावर साडेतीन किलोला हलला, न्हाणीबाहेरच्या ओल्या, शेवाळलेल्या फरशीवर सव्वा किलोलाच. म्हणजे घर्षणांक (सरकवायला लागणारी ओढ भागिले वरचं वजन) 0.7 आणि 0.25.

भिंत शिडीला बाहेर रेटते आणि तो रेटा अडवायला जमिनीच्या घर्षणाशिवाय कुणी नाही. वरच्या टोकांना फडकी बांधून भागत नाही. जमीन अगदी गुळगुळीत असेल, तर भिंत कितीही खरबरीत असो, शिडी उभी राहणारच नाही. भिंतीचं घर्षण न धरता हिशेब केला. पाय भिंतीपासून 3 फुटांवर, म्हणजे उंचीच्या पावपट अंतरावर ठेवला, तर टोकाजवळ पोचेपर्यंत 0.22 घर्षणांक पुरतो. 5 फुटांवर ठेवला की 0.39 लागतो. त्या शेवाळलेल्या फरशीवर तेव्हा माझ्यासारखी 66 किलोची बाई निम्म्याच्या जरा वर गेली की शिडी सुटते. खालच्या पायऱ्यांवर मात्र ती अगदी घट्ट वाटते, याचीच मला भीती वाटते. बारीक माणसानेही निर्धास्त राहू नये. 50 किलो असो की 90, आकडा जवळपास तोच येतो.

मोठा दोष बुटांचा. ते फिरत नाहीत, त्यामुळे शिडी तिरकी लावली की रबराची नुसती कड टेकते. बदलून मागितले तर "असेच येतात" म्हणाले. शेवटी 320 रुपयांचे फिरते बूट आणून फॅब्रिकेशनवाल्याकडून बसवून घेतले. ते कंपनीनेच द्यायला हवे होते, म्हणून पाचातला एक तारा कापला.

कोब्यावर 3 फुटांवर लाल रंगाचा पट्टा मारलाय. गडी असो की जावई, शिडीचा पाय त्या पट्ट्यावरच. न्हाणीकडची फरशी खरवडून वाळल्याशिवाय तिथे शिडी लावू देत नाही.