जेन्युइन लिहावं की सिन्सिअर?

परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्र लिहिताना आपल्याकडचे सर हमखास लिहितात, ‘ही इज अ सिन्सिअर स्टुडंट.’ म्हणायचं असतं ते असं की पोरगा नियमित येतो, नेटानं अभ्यास करतो. भारतात कुणालाही तेच कळेल. लंडन-बोस्टनच्या वाचणाऱ्याला मात्र एवढंच कळतं, की हा मुलगा बोलतो ते मनापासून बोलतो, सोंग करत नाही. गुण चांगलाच, पण प्रवेश देणारा तो शोधत नसतो. पत्र देशाबाहेर जाणार असेल तर सरळ ‘हार्डवर्किंग’ किंवा ‘कॉन्शिएन्शस’ लिहावं.

सिन्सिअरला मन लागतं. माणूस, भावना, आभार, माफी यांनाच तो शोभतो. रजेचं कारण सिन्सिअर होत नाही, जेन्युइन होतं. जेन्युइन दोन्हीकडे चालतो: जेन्युइन माणूस, जेन्युइन स्पेअर पार्ट, जेन्युइन मिस्टेक. अडलात तर हाच घ्या, बहुतेक वेळा निभावतं. माफीपत्रात मात्र ‘माय सिन्सिअर अपॉलॉजीज’च बरं. तिथं जेन्युइन घातलं की आधीच्या माफ्या खोट्या होत्या की काय, अशी शंका येते! दुसऱ्यानं मागितलेल्या माफीबद्दल मत देताना जेन्युइन अगदी चपखल.

(सिन्सिअर म्हणजे लॅटिनमध्ये ‘मेणाविना’, शिल्पकार भेगा मेणानं बुजवत, वगैरे गोष्ट सांगितली जाते. ऐकायला छान, पण कोशकार ती मानत नाहीत. मूळ शब्द ‘सिन्सेरुस’, म्हणजे निर्मळ, निर्भेळ.)

जेन्युइन आणि ऑथेंटिक यांत निवड करणं खरं अवघड. बायबलवर टीका करणारे लेखक थॉमस पेन यांना उत्तर देताना बिशप रिचर्ड वॉटसन यांनी 1796 मध्ये फरक मांडला होता: ज्याचं नाव ग्रंथावर आहे त्यानंच तो लिहिला असेल तर ग्रंथ जेन्युइन, आणि आत सांगितलेल्या घटना खरोखर तशाच घडल्या असतील तर ऑथेंटिक. म्हणजे एखादी बखर जेन्युइन असूनही ऑथेंटिक नसू शकते. आज इतकं काटेकोर कुणी पाळत नाही, तरी रोख कळतो. आता ऑथेंटिक म्हणजे मुळाशी, परंपरेशी इमान राखणारं: ऑथेंटिक मालवणी जेवण. जेन्युइन एवढंच सांगतो की वस्तू सांगितली तीच आहे. पाकिटावरच्या ‘जेन्युइन लेदर’चा अर्थही तेवढाच: हे रेक्झिन नाही, चामडं आहे. चामडं उत्तम आहे, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. दुकानदार मात्र तसंच ऐकवतो.

मेरियम-वेबस्टर कोशानं 2023 चा शब्द म्हणून ऑथेंटिक निवडला होता. स्वतःबद्दल लिहिताना मी तो टाळायला सांगेन. ‘माय ऑथेंटिक सेल्फ’ आता फार गुळगुळीत झालंय, आणि स्वतःला अस्सल म्हणवून घेणं तसंही जरा विचित्रच.

उरला बोनाफाईड. मूळ लॅटिन अर्थ ‘सद्भावनेनं’. कायद्याच्या आणि कार्यालयीन कागदांत तो शोभतो, घरगुती पत्रात नाही. आपण शाळेतून ‘बोनाफाईड काढून आणतो’ तसा नाम म्हणून तो अमेरिकेतल्या कॉलेजच्या खिडकीवर मागितलात, तर समोरचा बुचकळ्यात पडेल. तिथं ‘एनरोलमेंट व्हेरिफिकेशन’ मागायचं.