आर्चवर दोन कर्नल: काही महिन्यांच्या वापरानंतर

रोलिंग डिस्ट्रो (सतत थोडी थोडी अपडेट होत राहणारी लिनक्स सिस्टीम) वापरतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "सारखी मोडत नाही का?" आर्च ही अशीच एक डिस्ट्रो रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर काही महिने चालवल्यावर सांगतो, ब्राउझर, डेस्कटॉप वगैरे अपडेट होताना मी आता बघतही नाही. अपडेटच्या यादीत कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टीमचा गाभा, दिसला की मात्र थांबतो.

मेनलाइन (मुख्य, सर्वात नव्या) कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि आर्चवर ती लवकरच पोचते. लॅपटॉप नवा असेल तर हे हवंच, कारण वाय-फाय आणि ग्राफिक्सचा सपोर्ट तिथूनच येतो. गोची होते ती कर्नलबाहेरच्या मॉड्यूलची, म्हणजे कर्नलला वेगळ्या जोडाव्या लागणाऱ्या तुकड्यांची. माझा डेटा झेडएफएस या फाइल सिस्टीमवर आहे आणि झेडएफएसला नव्या कर्नलशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. तोवर डीकेएमएस (प्रत्येक कर्नलसाठी अशी मॉड्यूल्स आपोआप बनवणारं टूल) बिल्ड करताना एरर फेकत बसतं.

म्हणून लिनक्स (नवा कर्नल) आणि लिनक्स-एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारा जुना कर्नल) ही दोन्ही पॅकेजेस शेजारी शेजारी ठेवली आहेत. एकदा नव्या कर्नलवर लॅपटॉप स्लीपमधून उठेना. बूट मेन्यूत एलटीएस निवडला आणि काम सुरू. फक्त एलटीएसचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फायली) वेगळे टाकावे लागतात, नाहीतर डीकेएमएस त्याच्यासाठी मॉड्यूल बनवतच नाही. पॅकमन या आर्चच्या पॅकेज मॅनेजरच्या सेटिंगमध्ये कर्नल गोठवून बाकी सगळं अपडेट करायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही; अर्धवट अपडेटला आर्चचा पाठिंबाच नाही.

एलटीएस म्हणजे निर्धोक असंही नाही बरं का. २०२३ च्या अखेरीस ६.१.६४ या एलटीएस आवृत्तीत एक बदल आणताना त्याच्या जोडीचा बदल राहून गेला आणि ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवर डेटा खराब होण्याचा धोका निर्माण झाला. डेबियन या डिस्ट्रोला १२.३ हे प्रकाशन थांबवावं लागलं. तेव्हा बॅकअपला पर्याय नाही.

एक कटकट मात्र कायम आहे. कर्नल अपडेट होताच चालू कर्नलची मॉड्यूल्स डिस्कवरून जातात, त्यामुळे रीबूट करेपर्यंत पेनड्राइव्ह माउंट न होण्यासारखे प्रकार घडतात. टंबलवीड ही दुसरी रोलिंग डिस्ट्रो जुने कर्नल ठेवून देते, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आणि नवीन इन्स्टॉल करणार असाल तर बूट पार्टिशन सढळ हाताने द्या. दोन कर्नल आणि त्यांच्या इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणाऱ्या) फायली मिळून लहान पार्टिशन बघता बघता भरतं.