गोव्याच्या मोटरसायकल रॅलीचं 'बॅकअप व्हॅन' पॅकेज : माणशी १५,६८० रुपये पाण्यात

पॅकेज असं : जाता-येता बॅकअप व्हॅन (गाड्यांमागून स्पेअर्स घेऊन येणारी), सोबत मेकॅनिक, दोन रात्रींचा मुक्काम आणि रॅलीचा एन्ट्री बँड, म्हणजे प्रवेशासाठी मनगटाला बांधायची पट्टी. माणशी १४,५००. आधी टोकन ५,०००, मग 'हॉटेल ब्लॉक करायला' ६,५००, मग ३,००० डॅमेज डिपॉझिट, म्हणे राइड संपली की परत. निघायच्या आठवड्यात बँडचे १,००० आणि वर जीएसटी १८०. आमच्या सहा गाड्या, एकूण ९४,०८० रुपये. आदल्या रात्री ग्रुप डिलीट, नंबर बंद. पुढचं सांगायला नको, या धंद्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. रॅलीच्या खऱ्या आयोजकांचा यात काडीचा संबंध नाही. त्यांचं नाव नुसतं वापरलं गेलं.

'एवढं कळलं नाही का?' असं विचारणाऱ्यांनी आधी हे ऐका. पॅकेज विकणारा हा माणूस गाड्यांची भाषा बोलत होता. आंबोलीत धुकं उतरतं म्हणून घाट उजेडात पार करा, जड सामान सॅडल बॅगेत तळाला ठेवा, चेनला दर ५०० किलोमीटरला ल्यूब मारा, पाऊस लागला तर त्याआधीच. यात चुकीचं काय आहे? कुठलाही जुना रायडर हेच सांगेल. आम्ही सहाजण काही नवशिके नव्हतो, आणि म्हणूनच फसलो. ओळखीची भाषा कानावर पडली की माणूस कागद वाचत नाही.

आणि कागदावर सगळं होतं. व्हॅनमधल्या स्पेअर्सची यादी पीडीएफमध्ये आली होती : '१८ इंची ट्यूब ४, युनिव्हर्सल क्लच केबल २, चेन लिंक २'. आमच्यात दोन हिमालयन ४११ होत्या. त्यांचं पुढचं चाक २१ इंची, मागचं १७. एक डॉमिनार, तिचे दोन्ही टायर १७ इंची ट्यूबलेस, तिला ट्यूब नकोच, पंक्चर किट हवं. म्हणजे निम्म्या गाड्यांना त्या ट्यूब कुचकामी, आणि बाकीच्या ज्या क्लासिक ३५० ना मागे चालल्या असत्या त्यांचंही पुढचं चाक १९ चं. युनिव्हर्सल क्लच केबल तर तातडीचा जुगाड. लांबी आणि टोकाची घुंडी प्रत्येक मॉडेलची वेगळी, त्यामुळे शहाणा माणूस आपल्याच गाडीची नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवतो. चेन लिंक कुठल्या मापाची, ५२० की ५२५, याचा पत्ता नाही. ज्याने खरोखर कधी व्हॅन भरली आहे, तो आधी गाड्यांची यादी मागतो. याने मागितलीच नव्हती. इथेच थांबायला हवं होतं. ही यादी सहाजणांनी उघडली आणि सहाजणांनी 'थम्स अप' टाकला.

वेळापत्रकही तसंच. पहिला दिवस ६९० किलोमीटर, सकाळी ६ ला निघून दुपारी ४ ला मुक्कामी. साडेतीनशे सीसीची गाडी ८५ ने पळवा, पण चहा, जेवण, पेट्रोल, निपाणीनंतर आजऱ्याकडे आत वळल्यावरचा अरुंद रस्ता धरला की सरासरी ५० ते ५५ च्या वर जात नाही. म्हणजे साडेबारा ते चौदा तास. म्हणजे घाट अंधारात, जे त्यानेच करू नका म्हणून सांगितलं होतं! पहिलं पेट्रोल ४२० किलोमीटरवर. क्लासिकची टाकी १३ लिटर, सामानासह ३० चं अॅव्हरेज धरा, ३९० लाच कोरडी. खरा लीडर सगळ्यात कमी रेंज असलेल्या गाडीवर थांबे ठरवतो आणि २५० च्या आसपास सगळ्यांना एकदमच भरायला लावतो.

बँडच्या पावतीवरचा जीएसटी क्रमांक १४ अक्षरांचा निघाला. तो १५ चाच असतो, पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्र २७, गोवा ३०. सरकारी पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव दिसतं. मिनिटभराचं काम. हॉटेलचा नंबर आयोजकाकडून घेऊ नका, स्वतः शोधून फोन करा आणि बुकिंग कुणाच्या नावावर आहे ते विचारा. फर्मच्या नावाने पैसे मागतो आणि यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव दिसतं, तिथे पिन टाकू नका.

आता यंत्रणेचं. चौकीत पहिलं वाक्य : 'पैसे तुम्हीच दिलेत ना?' दुसरं : 'ही दिवाणी बाब आहे.' तिसरं : 'खातं परराज्यातलं, आमच्या हद्दीत येत नाही.' साहेब, दिवाणी कशी? खोटी पावती देऊन पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसतं. आणि हद्दीचं कारण तर चालतच नाही, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. हे पोलिसाला नागरिकाने समजावायचं का? शेवटी लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने अधीक्षकांना पाठवला, ती सोयही त्याच कलमात आहे. बँक म्हणाली, पिन तुम्ही टाकलात, आमची जबाबदारी नाही. मग समोरच्या बँकेने त्या माणसाचं खातं कुठली कागदपत्रं बघून उघडलं? यावर कुणी बोलत नाही. सायबर विभाग चौकीकडे बोट दाखवतो, चौकी सायबरकडे. झेरॉक्सवाला तेवढा खूश.

फसल्याचं कळताच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, त्या तासात. लागली नाही तर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा क्रमांक) हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत होल्ड लागला तरच काही हाती येतं. आमचे ९४,०८० पैकी २,३१० रोखले गेले, आणि तेही मिळवायला पत्रावर पत्र. ग्रुपवरून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा. आमच्यातल्या एकानेच केलं होतं, तेवढाच काय तो पुरावा.

आणि तक्रार केल्यावर 'तुमचे पैसे अडकलेत, सोडवून देतो, प्रोसेसिंग फी २,९९९' असे फोन यायला लागतात. सराईतपणे तक्रार क्रमांक विचारतात, साहेबी आवाज लावतात. आम्हाला दोन आले. फोन ठेवा, एक रुपया पाठवू नका.