कासेलच्या डोंगरावरचं पाणी: मे ते ऑक्टोबर पूर्ण सीझन बघितल्यावरचा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत कासेलला राहायला आलो आणि इथल्या बर्गपार्क विल्हेल्म्सहोहे या डोंगरउतारावरच्या बागेत 1 मेला पहिल्यांदा पाणी सोडताना बघितलं. तेव्हा वाटलेलं की एकदा बघून आलो, फोटो काढले, झालं. 3 ऑक्टोबरला सीझन संपला तोवर माझ्या 19 चकरा झाल्या होत्या, काही लेकाला घेऊन, काही एकटीने, तीन आई आली होती तेव्हा तिच्यासोबत, त्यामुळे आता नीट सांगता येईल असं वाटतंय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे काय आहे ते. शहराच्या पश्चिमेला डोंगर आहे, त्याच्या अगदी माथ्यावर हर्क्युलिसचा तांब्याचा पुतळा, सव्वाआठ मीटर उंच, आऊग्सबुर्गच्या आंतोनी नावाच्या सोनाराने केलेला, 1717 चा. त्याच्या पायापासून 250 मीटर लांबीचा दगडी पायऱ्यांचा धबधबा खाली येतो, मग जंगल, मग खडक, पूल, मोडका दिसावा असाच बांधलेला, उंच कमानींवरून जाणारा रोमन पद्धतीचा कालवा आणि सगळ्यात शेवटी राजवाड्याच्या जरा वर एक तळं, ज्यातून साधारण 50 मीटर उंच कारंजं उडतं. मे ते 3 ऑक्टोबर दर बुधवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी अडीचला वरून पाणी सोडतात आणि ते टप्प्याटप्प्याने खाली येतं, पावणेचारला शेवटचं कारंजं. लोक पाण्याबरोबर चालत चालत खाली येतात. तिकीट नाही. 2013 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आणि यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं म्हणजे पंप कुठेच नाही. पाऊस पडतो, ओढ्यांचं पाणी डोंगरावर हर्क्युलिसच्या मागे तळ्यांमधे साठवतात आणि उतारावरून सोडतात, बस. पन्नास मीटरचं कारंजंसुद्धा नुसत्या उंचीच्या जोरावर उडतं, म्हणजे त्याचा साठा त्याच्याही बराच वर डोंगरात आहे आणि तिथून बंद नळातून पाणी खाली येतं, येताना सगळा दाब घेऊन येतं आणि तोंड बारीक असल्यामुळे वर झेप घेतं.

मी औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर), पाणचक्कीच्या दारात वाढलेली म्हटलं तरी चालेल, शाळेच्या सहली तिथेच जायच्या. सहा किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून येतं, भिंतीतून वर चढतं आणि हौदात पडतं, आणि त्या काळी त्याच्यावर जातं फिरून दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं. लहानपणी गुरुजी सांगायचे की पाणी आपली पातळी शोधतं, तेव्हा ते पाठ केलं होतं. कळलं ते इथे, चाळिशीत, कासेलच्या तळ्याकाठी उभं राहून. दोन्ही कामं साधारण एकाच शतकाच्या आगेमागेची, तिकडे जात्यासाठी आणि इकडे राजाच्या हौसेसाठी, पण युक्ती तीच.

हौस कार्ल नावाच्या लांडग्राफची, म्हणजे इथल्या संस्थानिकाची. 1699-1700 च्या सुमारास तो इटलीला जाऊन आला, रोमजवळच्या डोंगरातल्या बागा बघितल्या आणि परत आल्यावर ग्वेर्निएरो नावाच्या इटालियन माणसाला बोलावून काम सुरू केलं. 1714 च्या जूनमधे पहिल्यांदा पाणी धावलं. मूळ आराखड्यात धबधबा आज आहे त्याच्या तिप्पट लांब होता, राजवाड्यापर्यंत येणार होता, वरचा तुकडाच झाला. याच कार्लच्या पदरी त्याआधी दनी पापँ होता, हाच तो 1679 मधे वाफेचं बंद भांडं करणारा, आपल्या कुकरचा पूर्वज. कासेलमधे त्याने वाफेने पाणी वर चढवायचे प्रयोग केले. आईला हे सांगितलं तेव्हा ती कारंज्यापेक्षा त्याच्यावरच जास्त खूष झाली, म्हणाली, "अगं मग त्याचा पुतळा का नाही इथे?"

पैशाची बाजूही सांगायला हवी कारण ती कळल्यावर मला दोन-तीन फेऱ्या जड गेल्या. कार्लचा नातू फ्रेडरिक दुसरा याने 1776 पासून हजारो हेसियन सैनिक ब्रिटिशांना भाड्याने दिले, अमेरिकेत लढायला, आणि त्यातून घराण्याकडे जो अफाट पैसा आला त्यावर त्याच्या मुलाने, विल्हेल्मने, राजवाडा, खोटा जुनाट किल्ला, तो मोडका कालवा असं पुढचं बरंच काही उभारलं. खेड्यातली पोरं होती ती. कितीतरी परतलीच नाहीत.

आता मुद्द्याचं. पहिल्या चार-पाच वेळा मी सगळ्यांसारखी पाणीच बघत होते. जूनमधे एकदा लवकर पोचले, धबधब्याच्या वरच्या टोकाला, आणि तिथे कामाच्या कपड्यातला एक माणूस दिसला. गुडघ्यावर बसलेला, जमिनीतलं लोखंडी झाकण बाजूला केलेलं, हातात छातीपर्यंत येईल अशी लांब चावी. चावी खाली घालून तो थांबून राहिला. घड्याळाकडे बघत होता. लेक विचारायला धावला (त्याला जर्मन माझ्यापेक्षा चांगलं येतं), तर त्या काकांनी नुसती दोन बोटं दाखवली, अजून दोन मिनिटं. मग वेळ झाली तशी चावी फिरवायला लागले, एकदम नाही, थोडी फिरवायची, थांबायचं, कान देऊन ऐकायचं, परत थोडी. आधी नळात घरघर, मग हवेचे फुसके आवाज, आणि मग खालच्या गुहेकडून पाणी सुटल्याचा आवाज आला आणि लोक ओरडायला लागले. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. हात पुसले, झाकण लावलं, आणि पुढच्या जागेकडे भराभर चालायला लागले.

मला एकदम आमचे काका आठवले. जायकवाडीच्या पाटाचं पाणी पाळीने यायचं, कधी रात्री दोनला, आणि काका कंदील घेऊन बारं द्यायला जायचे, वाफा भरला की दारं मोडून दुसऱ्या वाफ्यात पाणी लावायचं, त्यांना अंधारात नुसत्या आवाजावरून कळायचं की पाणी शेवटच्या सरीला पोचलंय. अगदी तसंच ऐकणं होतं ते. आणि आमच्या कॉलनीतला वॉलमन, चावी घेऊन सायकलवर येणारा, त्याच्याकडे तर मी आयुष्यात कधी नीट बघितलंच नव्हतं. हे काम 300 वर्षं इथे असंच हातानेच चाललंय. प्रत्येक टप्प्याला कोणीतरी उभं असतं, आपल्याकडचं पाणी किती वाजता सोडायचं हे ठरलेलं असतं, एकाने घाई केली तर लोक पोचायच्या आधीच पाणी वाहून जाणार आणि उशीर केला तर गर्दी कोरड्या खडकाकडे बघत बसणार. त्या दिवसापासून मी दर वेळी आधी झाकण आणि माणूस शोधते.

याच कामातल्या एकाचं नाव एका टप्प्याला दिलंय, स्टाइनहोफर धबधबा. कार्ल स्टाइनहोफर इथला कारंज्यांचा निरीक्षक होता, लोक त्याला पाण्याचा देव म्हणायचे. 1793 चा त्याचा धबधबा जंगलात आहे आणि माझा सगळ्यात आवडता आहे. वरचा मोठा धबधबा कसा सरळ, मोजून मापून, सगळ्या पायऱ्या सारख्या, आणि हा बघितला तर वाटणार नाही की माणसाने केलाय. नुसते खडक पडलेले, झाडं, शेवाळ. पाच मिनिटं काहीच नाही आणि मग एका फटीतून बारीक धार, मग दुसरीकडून, मग तीन-चार जागी, आणि बघता बघता सगळा उतार पांढरा. प्रत्येक खडक कुठे ठेवला की पाणी कसं फुटेल हे त्याने लावून बघितलं असणार, त्याशिवाय असं होत नाही. म्हातारपणी 1826 ते 28 मधे त्याने अजून एक मोठा धबधबा केला, तो 1943 पासून बंद आहे.

बागेतल्या माळ्यांचं काम तर त्याहून दिसत नाही. राजवाड्यासमोरून वर बघितलं की हर्क्युलिसपर्यंत सरळ मोकळी रेघ दिसते आणि उलट वरून खाली बघितलं की तीच रेघ शहरात पाच किलोमीटर लांबच्या सरळ रस्त्यात जाते. झाडं काय, ती तर वाढणारच, दर वर्षी दोन्ही बाजूंनी आत येणार, म्हणजे ही रेघ कोणीतरी सतत छाटून राखतंय. कालव्याजवळ मात्र उलटं, तिथे झाडं मुद्दाम दाट ठेवलीत, वळण संपेपर्यंत काही दिसत नाही आणि मग एकदम समोर उंचावरून पाणी कोसळताना दिसतं. माळ्यांमधला श्वार्त्सकोफ हा 18व्या शतकातला इथला दरबारी माळी, त्याने इथे गुलाब वाढवले, त्याचा 'पेर्ल फॉन वाइसनश्टाइन' हा जर्मनीत तयार झालेला सगळ्यात जुना गुलाब मानतात. दगडाचंही दुखणं आहे, वरचं बांधकाम टफ नावाच्या (ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या) मऊ दगडाचं आहे, त्यात पाणी मुरतं आणि थंडीत गोठून दगड फुटतो, म्हणून दुरुस्ती कधी संपतच नाही, कुठे ना कुठे परांची असतेच. फोटोत परांची येते म्हणून कुरकुर करणारे लोक भेटले मला. मला ती दिसली की बरं वाटतं.

प्रॅक्टिकल गोष्टी. शहरातून ट्राम 1 शेवटपर्यंत, पण ती तुम्हाला पायथ्याला सोडते, तिथून वर चढायला तासभर तरी धरा, नाहीतर सरळ बसने माथ्यावर जा आणि उतरत या, पहिल्यांदा तसंच करा. बाबागाडी अजिबात नेऊ नका, मी पहिल्या दिवशी नेली होती आणि पाचशेच्या वर पायऱ्या ती उचलून आणल्यावर रात्री मनगट सुजलं. शेवाळी दगडांवर साध्या चपला घसरतात. पाचही टप्पे बघायचे तर मधे बसायला वेळ नाही, आईचे गुडघे दुखतात म्हणून तिच्यासोबत आम्ही फक्त कालवा आणि मोठं कारंजं केलं, सव्वातीनला येऊन निवांत बसलो, आणि तिला काही कमी पडलं असं वाटलं नाही. मुलं सोबत असतील तर वरचं चुकवू नका, तिथे खडकाखाली गाडलेल्या राक्षसाचं डोकं आहे त्याच्या तोंडातून सरळ वर धार उडते आणि बाजूचे दोन पुतळे पाण्याच्या जोराने शिंग फुंकतात, खरंच आवाज येतो, माझा लेक पहिल्यांदा घाबरून माझ्या पायाला चिकटला होता. जून ते सप्टेंबर पहिल्या शनिवारी रात्री दिवे लावून पाणी सोडतात, सुंदर असतं पण तुफान गर्दी, त्यात तो झाकणवाला माणूस दिसायची आशा नको.

पावसात जावं का असं एका मैत्रिणीने विचारलं. जावंच. ऑगस्टमधे एका बुधवारी मी भिजत गेले होते, मोजून पंधरावीस लोक होते, आणि कारंज्याच्या तळ्यावर पाऊस पडत असताना मधूनच पाणी वर जायला लागलं, आधी माणसाएवढं, मग झाडाएवढं, मग झाडांच्या वर, आणि टोकाला पोचलं की क्षणभर थांबल्यासारखं होऊन वाऱ्याने एका बाजूला विस्कटायचं. दहा-बारा मिनिटांत हळूहळू बुटकं होत गेलं आणि शेवटी नुसता बुडबुडा राहिला. वर डोंगरात कोणीतरी चावी उलटी फिरवत असणार.

आता थंडीत पाणी बंद, पण 1822 चं काचेचं मोठं झाडांचं घर आहे राजवाड्याजवळ, तिथे हिवाळ्यात कॅमेलिया फुलतात, डिसेंबरपासून तिकडे चकरा सुरू करणार आहे. आणि वरची तळी पाऊस-बर्फाने कशी भरतात ते एकदा चढून बघून यायचंय, लेकाने आत्ताच विचारून ठेवलंय की 1 मेला ते काका असतील ना.