शिमानोचं मिनरल ऑइल: पन्हाळा उतरणाऱ्यांनी वाचाच

माझ्या सायकलच्या शिमानो हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकमध्ये कंपनीचंच लाल मिनरल ऑइल घातलंय आणि पन्हाळ्यावरनं वाघबिळाकडं उतरताना लिव्हर एकदम घट्ट, स्पंजी (दाबल्यावर मऊ) अजिबात नाही, नाद खुळा रिझल्ट! पण भावांनो, गॅरेजवाला "ब्रेक ऑइलच हाय की, डॉट 4 टाकतो" (म्हणजे मोटारगाड्यांच्या ब्रेकचं ऑइल) म्हणला तर टाकू देऊ नका, शिमानो, मागुरा, टेक्ट्रो या कंपन्यांच्या ब्रेकचे सील (आतले रबर) मिनरल ऑइलसाठी बनवलेत, डॉटनं ते फुगतात आणि मग लिव्हर, कॅलिपर (चाकाजवळचा, पॅड दाबणारा भाग) सगळंच बदलायची पाळी येते. स्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकला उलट डॉट 5.1 लागतं, म्हणून आधी लिव्हरवर काय लिहिलंय ते बघा. डॉट हवेतलं पाणी ओढतं, कोरडं 5.1 निदान 260 अंशापर्यंत उकळत नाही पण पाणी मुरलं की हीच हद्द 180 पर्यंत खाली येते, शिवाय फ्रेमवर सांडलं तर रंग गेलाच. मिनरल पाणी ओढत नाही, पण आत शिरलेलं पाणी खाली कॅलिपरमध्ये साचतं आणि ते 100 लाच उकळतं, त्यामुळं आपला पावसाळा संपला की ब्लीड (जुनं ऑइल, हवा काढून नवं भरणं) करून घ्या. बाटली महाग वाटते खरी, पण एका ब्लीडला थोडंसंच लागतं.