निकेल ऑक्साइड की निकेल फॉस्फाइड?

सुपरकॅपॅसिटरच्या (झटपट चार्ज होणाऱ्या वीजसाठवण साधनाच्या) इलेक्ट्रोडसाठी निकेल घ्यायचं ठरलं, तर ऑक्साइड करायला सोपं. निकेल हायड्रॉक्साइड हवेत 300 अंशांच्या आसपास तापवलं की काम झालं. कागदावरची क्षमताही भरघोस: ग्रॅममागे 2584 फॅरड. (हा आकडा ग्रॅममागे साठणाऱ्या 1292 कूलोम विद्युतभाराला 0.5 व्होल्टने भागून येतो, एवढं लक्षात असू द्या.) पण ऑक्साइड पडलं अर्धवाहक. करंट वाढवला की क्षमता घसरते.

फॉस्फाइड इथेच बाजी मारतं. दोन निकेलला एक फॉस्फरस असलेलं संयुग धातूसारखी वीज वाहून नेतं. ते बनवणं मात्र जिकिरीचं. ट्यूब फर्नेसमध्ये वायूच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूला सोडियम हायपोफॉस्फाइट, प्रवाहाच्या खालच्या बाजूला निकेल फोमचा (स्पंजसारख्या सच्छिद्र निकेलचा) तुकडा, आणि आत नायट्रोजन किंवा आर्गॉन. तापल्यावर निघणारा फॉस्फिन वायू अत्यंत विषारी. म्हणून बाहेर जाणारा वायू मोरचुदाच्या द्रावणातून सोडतात. निळं द्रावण काळं पडू लागलं की फॉस्फिन अडतोय हे दिसतं. फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर ओढणारं बंदिस्त कपाट) नसेल तर या वाटेला जाऊच नये.

गंमत अशी, की पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात चार्ज-डिस्चार्ज होताना फॉस्फाइडच्या पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइडचाच थर तयार होतो. म्हणजे चार्ज साठवण्याचं बरंचसं काम तोच करतो. आतला गाभा वीज पोचवतो.

टिकाऊपणात दोघंही कार्बनच्या मागे. जलद चार्जिंग हवं असेल तर मी फॉस्फाइड निवडेन. मात्र दोन्ही बॅटरीसारखे वागतात, तेव्हा क्षमता फॅरडऐवजी कूलोममध्येच मांडावी.